फाईलची झेरॉक्स मागितली आणि डॉक्टर बोलेनासे झाले

काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी ताप आला, पोट टम्म फुगलं, परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि पुढे सोळा दिवस आयसीयू. काका वाचले. पण नेमकं काय झालं ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. राऊंडला आले की काकूशी दोन शब्द बोलणारे डॉक्टर, मी फाईलची झेरॉक्स मागितली त्या दिवसापासून नुसती मान हलवून पुढे जायला लागले. काउंटरवरची मुलगी विचारते, "केस करणार आहात का?" अहो, आम्हाला फक्त कळायचं होतं!

मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. आम्हाला पाच आठवडे लागले. त्यात नर्सची नोंद, रात्री २.१०, "पेशंटला खूप दुखतंय, डॉक्टरांना कळवलं". पुढची नोंद थेट सकाळी ७.४० ची.

माझी मावसबहीण डॉक्टर आहे, ती म्हणते सिनियर पहिल्यांदा हेच शिकवतात की सॉरी म्हणायचं नाही, उद्या कोर्टात तीच कबुली होते. १९९५ पासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, ते हवंच होतं. फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं, तरी डॉक्टरांच्या मनातली पोलिसांची भीती जात नाही, आणि नव्या फौजदारी कायद्यात, म्हणजे न्याय संहितेतही, डॉक्टरच्या निष्काळजीपणाने पेशंट दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. आणि पेशंटचं काय? कोलकात्यात चुकीचे उपचार झालेल्या अनुराधा साहा १९९८ मध्ये वारल्या, सुमारे सहा कोटींच्या भरपाईचा अंतिम निकाल २०१३ मध्ये आला, तेही नवरा स्वतः डॉक्टर आणि हटून लढला म्हणून. आमच्या काकूने पंधरा वर्षं कुठून काढायची?

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून सरकारी फंड आहे, उपचारातून इजा झाली तर चूक कुणाची हे सिद्ध न करता खर्च आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग मिळतो, त्या बदल्यात भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही. आपल्याकडे लगेच एवढं जमणार नाही, मान्य. पण मोठी गुंतागुंत झाली की आठवड्याभरात घरच्यांना समोर बसवून काय झालं ते सांगायचं आणि तिथे बोललेलं डॉक्टरविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचं नाही, एवढा कायदा तरी करा ना. मुद्दाम लपवलं, नोंदी बदलल्या, तर मात्र जबर शिक्षा हवी.

त्या साडेपाच तासांत कोण आलं होतं, कोण नव्हतं, काकू अजून विचारते.