मुंबई ते लंडन किती तास?

लंडनला मुलांकडे निघालेले परिचित मला हमखास विचारतात, ‘मुंबईहून किती तास लागतात? आणि जाताना दहा, येताना नऊ, असे कसे? अंतर तर तेच ना?’ विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि त्यांतले काही पहिल्यांदाच एकटे निघालेले असतात. म्हणून नुसता आकडा सांगून मोकळे होणे मला बरे वाटत नाही.

दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्यामुळे पडतो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि समोरून १०० चा वारा आला, तर जमिनीच्या हिशेबाने ते ८०० नेच पुढे सरकते; तोच वारा पाठीशी असला, तर १,००० ने. वारा वाटभर सारखा नसल्याने प्रत्यक्षात फरक बहुधा तासाभराचा राहतो.

वाटेचेही तसेच आहे. भिंतीवरच्या नकाशावर रेघ ओढली, तर ती इराक आणि सीरियावरून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट त्याहून बरीच उत्तरेकडून, म्हणजे बलुचिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेन यांच्यावरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्लीकरांना त्याची झळ अधिक बसली. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घेणे तुलनेने सोपे असते, तरी थोडा वेळ वाढतोच. त्यामुळे जुन्या तिकिटावरची वेळ प्रमाण मानू नये.

तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकत जाणे आणि उतरल्यावर ठरलेल्या जागी पोहोचणे हेही धरलेले असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उड्डाणासाठी रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ पोहोचल्यावरही गर्दीच्या वेळी उतरण्याआधी आकाशात काही घिरट्या घ्याव्या लागतात. त्याने घाबरून जाऊ नये. तो तिथला नित्याचा क्रम आहे.

सर्वांत जास्त घोटाळा घड्याळामुळे होतो. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. जानेवारीत दुपारी एकला निघून तिथल्या साडेपाचला उतरलात, तर प्रवास साडेचार तासांचा वाटेल. पण हिवाळ्यात आपली घड्याळे तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतात; तो फरक मिळवला की दहा तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा असतो. ठरावीक तासांच्या अंतराने औषध घेणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून, निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावा.