पोटातली कळ

‘सर, पोटात दुखतंय’ ही शाळा बुडवायची सगळ्यात जुनी सबब. स्मरणिकेत गुरुजनांविषयी लिहिणारे बरेच असतील. मी पडलो डॉक्टर, तेव्हा त्या सबबीतल्या खऱ्या दुखण्याबद्दल लिहितो.

वैद्यकात कळीला कॉलिक म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. शास्त्राच्या तासाला आपण आकृती काढायचो ते मोठं आतडं म्हणजे ‘कोलोन’, आणि त्याचं दुखणं ते ‘कोलिकोस’. पुढे लॅटिन, फ्रेंच करत तो इंग्रजीत आला. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की हे दुखणं आधी सम्राट तिबेरियसला झालं आणि त्याच्या फर्मानातलं आजाराचं नाव वाचून शहर बुचकळ्यात पडलं. दुखणं नवं असेल हे मला पटत नाही. नाव नवं असणार.

आता हे नाव आतड्यापुरतं राहिलेलं नाही. स्नायूंची भिंत असलेली नळी अडली, की ती आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. म्हणून कळ चढते नि उतरते. पित्ताशयाच्या खड्याची कळ मात्र चढली की तासन् तास तशीच टिकते. उजव्या बरगडीखालून खवाट्याकडे जाते. तिला कॉलिक म्हणणं चूकच, पण रूढ झालंय. तान्ह्या बाळाच्या रडण्यालाही हेच नाव. बालरोगतज्ज्ञ वेसेल यांचा १९५४चा आडाखा असा: धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडतं. तीन-चार महिन्यांचं झालं की बहुधा आपोआप थांबतं. घुटीत मध मात्र वर्षाच्या आत नको.

आपल्या सोलापुरात खरा गाजतो तो मूतखडा. चाळिशीपार उन्हाळा, यंत्रमागाच्या शेडमधला घाम आणि पाणी प्यायला सवड नाही, मग लघवी दाट होऊन खडा धरतो. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब. खडा अडकतो मुख्यतः तीन ठिकाणी: मूत्रपिंडातून निघताना, कटीजवळ मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. कळ कमरेतून जांघेत उतरते. माणूस तडफडतो, एका जागी थांबत नाही. पोटाच्या आवरणाला सूज आलेला रुग्ण मात्र हलायलाही घाबरतो. हा फरक दारातूनच कळतो.

कळ चालू असताना तांब्यावर तांबे पाणी ढोसू नये. खडा त्याने ढकलला जात नाही, वर ताण मात्र वाढतो. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन बहुधा आराम देतं, पण अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते आधी सांगा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक आपसूक पडतात. थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

एरवी लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हावी इतकं पाणी हवं. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन लिटरच्या वर प्यावं लागतं. टोमॅटोच्या बियांना उगाच बोल लावतात. दूधही तोडू नये, त्यातलं कॅल्शियम पालकातलं ऑक्सलेट, म्हणजे बहुतेक खड्यांमधला घटक, आतड्यातच बांधून ठेवतं. शेंगदाण्यातही ऑक्सलेट असतं. त्यामुळे चटणी खा, पण बेताने, आणि मीठ कमी. खडा पडेल असं वाटलं तर लघवी गाळणीतून करा. सापडलेला खडा कोरड्या डबीत तपासणीला द्या. पुढचं पथ्य त्यावरच ठरतं.