पंचवीसपर्यंतच

"सर, पंचवीसपर्यंतच असते का हे? मले तर मागच्याच महिन्यात सव्वीस झाले."

टपरीवर पोरानं मोबाइल पुढं धरला. केंद्र सरकारची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं.

दहावीपासून खडी गंमतीत, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवतो तो. बोटाची चिकटपट्टी काळी पडलेली. त्याच बोटानं वयाची ओळ खाली-वर करत होता.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या, केंद्र सरकारच्याच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रावरून तो रोज सायकलनं जातो. आत जाऊन विचार, असं मीच कधी म्हटलं नाही. हात बसवला त्याचा, फॉर्मचं मात्र सुचलंच नाही मला.

चहाचे पैसे त्यानंच दिले, वर विचारतो, "गुरु-शिष्य परंपरावाली योजना असते नं सर? तिथं तुमचं नाव टाकू का?"