डिस्क बसवण्याआधी हब घासावा

बीडजवळच्या मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरते, अशी तक्रार केली तर बहुतेक मिस्त्री गाडी न पाहताच ‘डिस्क वाकली’ असे सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, क्वचितच वाकलेली असते; तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावर, साचलेल्या गंजात असते. त्या गंजावर नवी डिस्क तशीच चढवली तर ती केसभर तिरकी फिरते, दर फेऱ्याला पॅडशी (ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पट्ट्यांशी) एकाच ठिकाणी घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर पुन्हा सुरू होते. पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क मी घरीच बदलतो, ते मुख्यतः या घासकामासाठी. पैसे वाचतात हेही खरेच.

आमच्याकडे उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरकावे लागते. नंतर पाना हातात धरवत नाही. गाडी सपाट फरशीवर घेऊन, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो, तिला तोलून धरायला स्टँडच हवेत. पोकळ सिमेंटचे ब्लॉक लावून गाडीखाली हात घालणाऱ्यांच्या धाडसाचे मला मुळीच कौतुक नाही.

चाक काढून कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधावा. मग जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, असे दिसले तर बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकलेल्या असतात. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल फाटलेल्या रबरी टोपणातून आत शिरतो, ग्रीस घट्ट होते आणि पीन जागच्या जागी रुतते. पिना पुसून, ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावून त्या बोटांनी सहज सरकतात का ते पाहावे. साध्या ग्रीसने रबर फुगते.

डिस्क हबला चिकटून बसली असेल तर तिच्यावर आटे असलेली दोन भोके आहेत का ते पाहावे. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ती आपोआप सुटते. कमीत कमी किती जाडी चालेल हे बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर कातून घेण्यात अर्थ नाही. हबचा चेहरा मात्र तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, विशेषतः चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुडाशी, कारण गंजाची कडा तिथेच उरते. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नयेत.

नवे जाड पॅड बसावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलताना ब्रेक ऑइलची पातळी वर येते, म्हणून डबीवर लक्ष ठेवावे. हे तेल रंगावर सांडले तर रंग उचलते. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन असा दाबू नये, ते काम जाणत्याकडे द्यावे. पॅड आणि डिस्क एका बाजूचेच बदलणे मला पटत नाही. दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

सगळे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे, कारण पहिले काही दाब रिकामेच जातात. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावेत. पुढचे काही दिवस ब्रेक लागायला थोडे जास्त अंतर धरून गाडी चालवावी, आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट एकदा तपासून घ्यावेत.