तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात तर कुणी रडतच नाही

ऑफिसात, बहिणीच्या मैत्रिणींमध्ये, एकदा तर बँकेच्या रांगेत उभी असताना मला हे विचारलं गेलंय. "तू ते कोरियन बघतेस ना, मग मस्त रडवणारा एखादा पिक्चर सांग की." मी दर वेळी एकच नाव सांगते, 'ख्रिसमस इन ऑगस्ट', 1998 चा. दोन दिवसांनी तोच माणूस परत येतो, जरासा वैतागलेला, आणि खरा प्रश्न तेव्हा विचारतो: "अगं पण त्यात तर कुणी धड रडतसुद्धा नाही. तुला नेमकं कशाचं रडू येतं?"

तर एकदाच लिहून टाकते. शेवटही सांगणार आहे, राग मानू नका, हिरो जाणार हे तसंही सुरुवातीलाच कळतं.

आधी एक गोष्ट. आपण 'मेलोड्रामा' म्हणतो तेव्हा ती शिवी असते, म्हणजे सासू जिन्यावरून पडते आणि कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर जातो वगैरे. कोरियात मात्र 'मेलो' हे प्रेमकथेच्या सिनेमांचं साधं नाव आहे, जसं आपण कौटुंबिक म्हणतो तसं. ओढूनताणून रडवण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'सिनपा'. जपानी राजवटीत, 1910 च्या दशकात, जपानी नाटकांवरून उचललेला रडका रंगभूमीप्रकार होता तो, आणि आता कुणी पिक्चरला 'सिनपा' म्हटलं की समजायचं नाक मुरडलंय. म्हणजे जास्त रडवलं की तिथलेही लोक वैतागतातच, आपणच फक्त नाही.

हमखास रडायचंच असेल तर 2004 चा 'अ मोमेंट टू रिमेंबर' बघा. सोन ये-जिन आणि जंग वू-सुंग, ऐन तरुण बायकोला अल्झायमर होतो आणि ती नवऱ्याला विसरत जाते. कोरियन नावाचा अर्थ आहे 'माझ्या डोक्यातलं खोडरबर'. तो बघताना मी उशी ओली केलीये, खोटं नाही बोलणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सगळं ओसरलेलं होतं, पाऊस पडून गेल्यासारखं मोकळं. 'ख्रिसमस इन ऑगस्ट' असा ओसरत नाही हो.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. जोंगवॉन, तिशीतला, गल्लीतला छोटा फोटो स्टुडिओ चालवतो, वडिलांबरोबर राहतो, आई नाही. त्याला काहीतरी गंभीर आजार आहे, कोणता ते पिक्चर नाव घेऊन सांगतच नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. दारिम ही पार्किंगवाली, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे फोटो काढणारी, ते रोल धुवायला त्याच्याकडे येते. त्याला 'अजॉशी' म्हणते, म्हणजे आपलं काका. उन्हातून येते, पंख्यासमोर बसते, आइस्क्रीम खातात, एकदा पावसात एकाच छत्रीतून जातात, एका रात्री तो तिला भुताची फालतू गोष्ट सांगतो आणि ती हळूच त्याच्या हातात हात घालते. झालं. प्रेमात पडले हे कुणी कुणाला बोलत नाही.

आता मला रडू कुठे येतं ते सांगते. व्हीसीआरला.

जोंगवॉन वडिलांना व्हीसीआर कसा लावायचा ते शिकवत असतो. हे बटण, मग टीव्हीचं ते, मग हे. वडील चुकतात. परत सांगतो. परत चुकतात. शेवटी तो चिडतो आणि उठून जातो. वडील तसेच बसलेले, हातात रिमोट. आणि मग आपण त्याला बघतो तेव्हा तो कागदावर मोठ्या अक्षरात एकेक पायरी लिहून काढत असतो. मी गेल्यावर तुमचं कसं होणार असलं एक वाक्यही नाही त्यात, फक्त मार्कर आणि कागद. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या बाबांना सेट टॉप बॉक्स बदलून आणला होता आणि मी त्यांच्यावर अगदी असंच, "अहो बाबा, किती वेळा सांगायचं," असं ओरडून किचनमध्ये निघून गेले होते. त्या रात्री मी पिक्चर मध्येच थांबवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. कागद मात्र दोन दिवसांनी लिहिला, अजून टीव्हीच्या बाजूला चिकटवलेला आहे, सेलोटेप पिवळी पडलीये, आणि बाबा तो वाचत नाहीत, शेजारच्या मुलाला हाक मारतात.

मला वाटतं दिग्दर्शक हुर जिन-हो याला हे पक्कं ठाऊक होतं की मरण जड जातं ते मागे राहिलेल्या किरकोळ कामांमुळे. त्याचा हा पहिलाच सिनेमा. त्याला ही कल्पना सुचली ती गायक किम क्वांग-सॉकच्या अंत्यविधीच्या फोटोवरून. जानेवारी 1996 मध्ये गेला तो, एकतिसाव्या वर्षी, आणि त्या फोटोत चक्क हसत होता. मग असा माणूस डोक्यात आला जो स्वतःचाच शेवटचा फोटो काढेल, हसून.

इथे जरा थांबावं लागेल, कारण फोटोची भानगड कळली नाही तर अर्धा पिक्चर हातातून जातो. कोरियात अंत्यविधीच्या वेळी मृताचा मोठा फोटो मध्यभागी ठेवतात, काळ्या फिती लावून, आणि म्हातारी माणसं तो आधीच काढून ठेवतात. त्याला गोड नावही आहे, 'जांगसू साजिन', दीर्घायुष्याचा फोटो. पिक्चरमध्ये एक कुटुंब स्टुडिओत येतं, ग्रुप फोटो होतो, आजीचा एकटीचाही काढून घेतात, कशासाठी ते सगळ्यांना माहितेय आणि कुणी बोलत नाही. नंतर ती आजी एकटीच परत येते, चांगले कपडे घालून, म्हणते परत काढ रे, छान काढ. जोंगवॉन तिचा चष्मा बिष्मा नीट करतो, हसवतो, काढतो. त्याला स्वतःला किती दिवस उरलेत हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. पुढे तो त्याच खुर्चीत बसून स्वतःचा फोटो काढतो, आणि तोच हसरा चेहरा बघता बघता फितीतला फोटो होतो.

आपल्याकडे हे उलट आहे, आपण आधी काढतच नाही, मग घाईघाईत शोधतो. माझ्या आजीचा हार घातलेला फोटो मावसभावाच्या लग्नातला आहे. कापून मोठा केलाय, आणि तिच्या खांद्यावर मामीचा अर्धा हात अजून आहे, बांगड्यांसकट. वीस वर्षं ती मामीच्या हातासकट भिंतीवर आहे.

आणि हो, जोंगवॉन रडतो. एकदा, रात्री, पांघरुणात तोंड खुपसून, आणि दाराबाहेर वडील ऐकत उभे असतात, आत जात नाहीत. "कुणी रडत नाही" म्हणणाऱ्यांनी तेव्हा बहुतेक फोन बघितला असणार.

दारिमला तो काहीच सांगत नाही, एक दिवस तो हॉस्पिटलात आणि स्टुडिओ बंद. ती येते, परत येते, चिठ्ठी दाराखालून सरकवते आणि मग तीच परत ओढून काढायला बघते (हे किती खरं आहे!), शेवटी रागाने काचेवर दगड मारते. तो बरा असतो त्या थोड्या दिवसांत एका कॅफेच्या काचेआडून तिला रस्त्यावर काम करताना बघतो आणि काचेवरून बोट फिरवत राहतो. बाहेर जात नाही. माझ्या नवऱ्याचं इथे ठाम मत आहे की हा मूर्खपणा आहे, सांगून टाकायला काय झालं होतं, तिला ठरवू द्यायचं ना. मलाही निम्म्या वेळा तसंच वाटतं. पण जोंगवॉन झालेल्या हान सॉक-क्यूचा तो चेहरा बघताना वाद घालायची हिंमत होत नाही.

शेवटी बर्फ पडलेलं असतं, दारिम बंद स्टुडिओसमोर येते आणि शोकेसमध्ये स्वतःचा फोटो लावलेला दिसतो. ती हसते आणि निघून जाते. तो गेलाय हे तिला माहितेय का, पिक्चर सांगत नाही. मी सात-आठदा बघितला असेल, माझं उत्तर दर वेळी बदलतं.

तो स्टुडिओ गुनसान शहरात आहे, शूटिंगसाठी एका गॅरेजचा बनवला होता, नंतर पाडला आणि पुढे शहराने परत उभा केला, लोक आता दारात फोटो काढतात. मला जायचंय.

मागच्या दिवाळीत मी आईला म्हटलं, चल तुझा एक नीट फोटो काढते, एकटीचा. ती म्हणाली, "कशाला, मी मरायला टेकलेय का?" मी काही बोलले नाही. पाच मिनिटांनी नारायणपेठ नेसून, पावडर लावून बाहेर आली, म्हणाली जरा बारीक दिसेल असा काढ. अकरा काढले, दहा तिने डिलीट करायला लावले. उरलेला सध्या तिचा डीपी आहे.