पौर्णिमा, उधाण आणि ग्रहण : मुंबईच्या किनाऱ्यावरचा एक रविवार

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ रोजी, रविवारी भाद्रपदातली पौर्णिमा होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते. उधाण आणि ग्रहण या दोन्ही गोष्टी मुंबईच्या किनाऱ्यावर हिंडत एकाच दिवसात पाहता येतील, हे लक्षात आल्यावर मी सकाळीच गोरेगावहून निघालो. मनात एक जुना प्रश्न होता. उधाण, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी भरती, प्रत्येक पौर्णिमेला आणि अमावस्येला न चुकता येते. ग्रहण मात्र वर्षातून मोजक्याच वेळा लागते. दोन्हींच्या मागे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हीच तिघे असताना हा पंक्तिप्रपंच का?

महालक्ष्मी स्थानकावर उतरून चालत हाजी अलीला पोहोचलो, तेव्हा साडेअकरा होत आले होते आणि दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली होती. काठावर माणसे निवांत थांबली होती. पाणी उतरणारच आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. चंद्र त्या वेळी आकाशात नव्हताच, तो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होता, आणि तरीही इथे भरती होती. भरतीबद्दल शाळेत शिकलेले पुष्कळ जण अडखळतात ते इथेच. चंद्र आपल्या बाजूचे पाणी ओढतो एवढेच खरे असते, तर दिवसातून एकदाच भरती आली असती. प्रत्यक्षात महत्त्व आहे ते ओढीतल्या फरकाला. चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा थोडे जास्त ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे थोडे कमी, त्यामुळे एकीकडचे पाणी पुढे सरते, दुसरीकडचे मागे राहते आणि दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट जोराने ओढतो, तरीही भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी आहे, कारण तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंमधले अंतर त्याच्या हिशेबी नगण्य ठरते. अमावस्येला आणि पौर्णिमेला तिघे एका रेषेत आले की हे दोन वाटे एकमेकांत मिळतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येतात आणि भांगाची, म्हणजे नेहमीपेक्षा लहान, भरती येते.

वरळीकडे जाताना वाटेत लव्हग्रोव्हचे उदंचन केंद्र, म्हणजे पाणी उपसणारे पंपघर, लागते. मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या जेमतेम वर किंवा खालीच असल्याने भरतीच्या वेळी पर्जन्यवाहिन्यांची दारे बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्रच उलटा आत शिरेल. आणि त्याच वेळी पाऊस कोसळला, तर पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकण्याखेरीज उपाय नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात दुपारची भरतीही होती. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते आणि हिवाळ्यात नेमके उलट होते, हा मुंबईच्या पाण्याचा आणखी एक स्वभाव.

वरळी कोळीवाड्यात दुपार झाली. एका घराच्या ओट्यावर जाळे विणत बसलेल्या वयस्कर तांडेलांना, म्हणजे होडीच्या नाखवांना, मी विचारले, ‘‘काका, भरतीची वेळ तुम्ही कशी ठरवता?’’ त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, ‘‘तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मोबाइल काय आता आले.’’ मी मनातल्या मनात पंधराची पाऊणपट केली. सव्वाअकरा. सकाळी हाजी अलीची वाट बुडालेली मी पाहिली होती, ती याच सुमारास.

या हिशेबामागचे गणित चंद्राच्या चालीत आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा त्याच जागी गाठायला चोवीस तासांवर सुमारे पन्नास मिनिटे जास्त लागतात. तेवढीच भरती रोज उशिरा येते, आणि पाऊण तास प्रत्येक तिथीला हा हिशेब त्याच्या अगदी जवळ जातो. संकष्टीचा उपवास करणाऱ्यांना या विलंबाचा अनुभव वेगळ्या रीतीने येतो : पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण चार दिवसांनी चतुर्थीला त्याची वाट पाहत रात्रीचे नऊ वाजतात. चंद्राच्या कलाही याच चालीतून येतात, कारण तो सूर्यापासून आकाशात किती दूर आहे यावर त्याच्या उजळलेल्या अर्ध्या भागातला किती भाग आपल्याला दिसेल हे ठरते. काकांचे सूत्र मात्र आपल्या किनाऱ्यापुरतेच. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की भरतीची वेळही बदलते.

संध्याकाळी पाचनंतर वरळीच्या किल्ल्याच्या बाजूला गेलो, तर सकाळपासून झाकलेले काळे खडक शेवाळासकट उघडे पडले होते. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटी यांतला फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो. कोचीला तो मीटरभराच्या आसपासच असतो, तर भावनगरला दहा मीटरच्या घरात. आपल्यासमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे आणि खंबायतच्या आखातात तो निमुळता होत जातो, त्यामुळे उत्तरेकडे सरकावे तसतसे पाणी अधिकाधिक उंच चढते. गिरगाव चौपाटीवर एका मोठ्या मंडळाच्या मूर्तीचे विसर्जनही भरती-ओहोटीचा मेळ न बसल्याने सकाळपासून अडले असल्याची बातमी दिवसभर मोबाइलवर येत होती. ते अखेर रात्री पार पडले. एवढ्यात मावशीचा फोन आला : वेध दुपारपासून लागले आहेत, बाहेर काही खाऊ नकोस. मी त्याआधीच वडापाव खाल्ला होता, पण ते सांगितले नाही.

रात्री गेट वे ऑफ इंडियाजवळच्या कठड्याशी जाऊन बसलो. जागा मुद्दाम निवडली होती. तिथून आकाश पूर्वेला आणि दक्षिणेला मोकळे असते, आणि याच अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आली आहे. ढग येत-जात होते. ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राच्या कडेला सावली लागली. शेजारच्या कुटुंबातल्या एका मुलीने आईला विचारले, ‘‘म्हणजे आता अष्टमीसारखा चंद्र दिसणार?’’ प्रश्न चांगला होता, आणि त्याचे उत्तर समोरच होते. अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांची सीमा जवळजवळ सरळ रेषेत असते, कारण ती चंद्राच्याच रात्रीची कड असते. तिथे पृथ्वीच्या सावलीचा काही संबंध नसतो. इथे मात्र चंद्राचा लचका तोडल्यासारखी गोलाकार कड आत सरकत होती, कारण पृथ्वीची सावली तिथवर पोहोचते तेव्हाही चंद्रापेक्षा सुमारे अडीचपटीहून अधिक रुंद असते. चंद्राला भूछाया झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

सकाळच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच बसून नीट उमगले. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे आकाशात पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दहापट रुंदी. एवढा चंद्र वर किंवा खाली गेला की तो सावलीला न शिवता निघून जातो, म्हणून बहुतेक पौर्णिमा ग्रहणाविना जातात. ओढीला मात्र त्या पाच अंशांचे काही वाटत नाही. तिघे ढोबळमानाने रेषेत असले तरी सूर्याची आणि चंद्राची ओढ जवळजवळ पूर्णपणे एकत्र येते. सावलीला काटेकोर जुळणी लागते, पाण्याला ढिसाळ जुळणीही चालते.

११ वाजून १ मिनिटाला चंद्र पूर्ण झाकला गेला आणि विझत आलेल्या निखाऱ्याचा रंग त्यावर आला. पृथ्वीच्या वातावरणातून वळून जाणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेत विखुरतो आणि उरलेला तांबूस भाग चंद्रावर पडतो. हा खग्रास टप्पा ८२ मिनिटे चालला, आणि त्याच्या मध्यावर, पावणेबाराच्या सुमारास, कठड्याखाली पाणीही पूर्ण भरले होते. जेट्टीच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. मधल्या एका ढगाने तब्बल वीस मिनिटे घेतली, याचे दुःख अजून आहे.

दीड वाजण्याच्या आधीच सावली सुटली आणि चंद्र पुन्हा स्वच्छ पांढरा झाला. ते कुटुंब केव्हाच निघून गेले होते. उठता उठता खाली पाहिले, तर जेट्टीच्या चार पायऱ्या ओल्या आणि चकाकत्या, पाण्याबाहेर आल्या होत्या.