निकालपत्रात नसलेले किलोमीटर

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहाल का, असा शाळेतून फोन आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की बाकं, घंटा आणि मधल्या सुट्टीतला डबा यांवर मी लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ असतील. मला 2016 च्या उन्हाळ्यावर लिहायचंय. अकरावी संपली होती आणि बारावीच्या जादा तासांचा धाक डोक्यावर होता. त्या उन्हाळ्यात आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाची चार पोरं सायकलच्या रोड रेसमध्ये उतरली. शाळेच्या गौरव फलकावर त्यातल्या एकाचंच नाव आहे. ते योग्यच आहे, पण अपुरं आहे.

याची सुरुवात आदल्या वर्षी झाली. जून 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अॅनापोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, दोघांनी आलटून पालटून, नऊ दिवसांच्या आत. भारतीय जोडीनं ही शर्यत पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. शहरात कौतुक झालं ते झालंच, पण आमचा फायदा वेगळा होता. तोवर घरात ‘सायकल काय खेळतोस, अभ्यास कर’ हे वाक्य ठरलेलं असायचं. आता समोर दोन डॉक्टरच असल्यामुळे त्या वाक्यातली हवा गेली.

आम्ही चौघं चार दिशांचे, म्हणून नावंही तशीच पडली. सिडकोवाला, पंचवटीवाला, सातपूरवाला आणि मी नाशिकरोडचा. सिडकोवाला आमच्यात चपळ. अंगानं काटकुळा, पण शेवटच्या दोनशे मीटरला तो असा काही सुटायचा की बाकीचे थांबलेत की काय असं वाटावं. माझ्याकडे तो वेग नव्हता. मी एकाच लयीत बराच वेळ रेटू शकायचो, बस. पीटीचे सर मूळचे कबड्डीवाले, पण सायकलिंगची नियमावली त्यांनी आमच्या आधी पाठ केली आणि दुसऱ्याच आठवड्यात कामं वाटून टाकली. ‘हा चढाई करील, तू पकड धर.’ त्यांच्या भाषेत ते एवढंच होतं.

पहाटे त्र्यंबक रोड. जाताना हळूहळू चढ, अंजनेरी दिसायला लागली की पाय भरून यायचे, आणि परतताना उतारावर अंगात वारं शिरायचं. रविवारी सिन्नरच्या बाजूला मोहदरी घाट. खिशात बेदाणे आणि शेंगदाण्याची चिक्की, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. परत आल्यावर मिसळ. तिचा आहारशास्त्रात कुठे मेळ बसतो ते सरांनी कधी विचारलं नाही, कारण पहिली प्लेट त्यांचीच असायची.

आमच्या सायकली जुन्या बाजारातल्या, मागच्या चाकावर आठ दातेरी चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, असलेल्या. ज्युनियर गटाला तेव्हा गिअरची मर्यादा होती. पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल 7.93 मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. वाढत्या वयाच्या गुडघ्यांवर जड गिअरचा ताण येऊ नये, हा हेतू. पंच जमिनीवर दोन रेघा मारायचे, एका रेघेवर चाक ठेवून सायकल एक फेरा होईपर्यंत मागे ओढायचे आणि चाक दुसरी रेघ ओलांडतंय का ते बघायचे. आमच्या पुढच्या 50 दात्यांच्या चक्राबरोबर मागची सगळ्यात छोटी दोन चक्रं चालणारच नव्हती. सर डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू आवळून ती बंद करायचे आणि आदल्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात टेप घेऊन स्वतः मोजायचे. (2023 पासून ही मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांतून गेली. आताच्या मुलांना त्या रेघा ठाऊकही नसतील.)

त्या उन्हाळ्यात आम्ही बऱ्याच शर्यती केल्या. बहुतेक विसरण्यासारख्या. एक मात्र सांगायलाच हवी. दिंडोरीच्या पुढे जाऊन परत यायचं, साठेक किलोमीटर. सुरुवात सकाळी सहाला ठरलेली. प्रमुख पाहुणे आले आठनंतर. मग श्रीफळ, मग भाषण, मग हिरवी झेंडी. ज्यांनी मे महिन्यात नाशिकमध्ये सायकल चालवलीय त्यांना यातली गोम लगेच कळेल. पहाटे पान हलत नाही, पण उन्हं वर आली की पश्चिमेचा वारा उठतो आणि मग तो थांबायचं नाव घेत नाही. दिंडोरी रस्ता उत्तरेला जातो. म्हणजे वारा सरळ कुशीत.

समोरून वारा असला की एकामागे एक लागायचं, मागच्याचे कष्ट जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं की वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ते वहीत होतं, पायांना त्या दिवशी कळलं. पण वारा बाजूनं आला की आडोसा पाठीमागे नसतो, तिरका असतो. परतताना वारा उजवीकडून होता, म्हणजे आडोसा डावीकडे. पुढचे अनुभवी गडी मुद्दाम डाव्या कडेला चिकटून चालवत होते. त्यांच्या मागे येणाऱ्याला आडोसा घ्यायचा तर डांबर सोडून खडीवर उतरावं लागलं असतं. घोळका फाटायला लागला. सातपूरवाला मागे पडला, पंचवटीवाल्याचं पंक्चर झालं.

मी रस्त्याच्या मध्याकडे सरकलो आणि सिडकोवाल्याला डाव्या हाताला घेतलं, अर्धं चाक मागे. आता वारा माझा आणि रस्ता त्याचा. पुढचे सातआठ जण शंभरेक मीटरवर होते. ते अंतर भरून काढायला किती वेळ लागला ते आठवत नाही, पण त्या वेळात आम्ही एकमेकांशी दोनच शब्द बोललो. मी जोर वाढवला की तो ‘हळू’ म्हणायचा, चाक मागे पडतंय असं वाटलं की मी ‘आहेस?’ विचारायचो. म्हसरूळच्या अलीकडे त्यांच्या शेपटीला लागलो. मी कोपर हलवून ‘आता तू’ अशी खूण केली आणि बाजूला झालो, आणि मग पायांत काहीच उरलं नाही. शेवटचे किलोमीटर मी एकटा, सर्वांत हलक्या गिअरवर, एका दूधवाल्याच्या मोटारसायकलकडे हेव्यानं बघत आलो.

सिडकोवाला दुसरा आला.

जूनमध्ये प्रार्थनेनंतर त्याला व्यासपीठावर बोलावलं. हार, श्रीफळ, टाळ्या. निवेदनात ‘एकट्याच्या जिद्दीवर’ असे शब्द होते. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. त्याहून जास्त राग आला तो त्या ‘एकट्याच्या’वर, कारण रोड रेसमध्ये तसं काही नसतंच. पीटीच्या सरांनाही ते खटकलं असावं. दुपारी त्यांनी खेळाच्या नोंदवहीत निकालाखाली आमची तिघांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे काम लिहिलं. माझ्यापुढे ‘वारा’ एवढंच आहे. पंचवटीवाल्यापुढे ‘पंक्चर’. नोंदवही क्रीडा विभागाच्या कपाटात आहे, महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडायला हरकत नसावी.

बारावीनं सगळं गुंडाळलं. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच अमेरिकेतली शर्यत एकट्यानं पूर्ण केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. ती बातमी आम्ही प्रवेशाच्या रांगेत उभं राहून मोबाइलवर वाचली. शर्यती पुन्हा कोणीच केल्या नाहीत. सातपूरवाला सोडल्यास सायकलही सुटली.

माझी रोड बाइक मात्र अजून आहे. शाळा पुन्हा संघ उभा करतेय असं ऐकलं, म्हणून ती महोत्सवाच्या दिवशी घेऊन येतो. फ्रेम 52 सेंटीमीटरची आहे, साडेपाच फुटांच्या आसपासच्या मुलाला किंवा मुलीला बसेल. दोन्ही टायर आणि चेन नवी टाकावी लागेल, तो खर्च आम्ही चौघं करू. मागचा तो स्क्रू आता सैल करायला हरकत नाही.